घराचे माप आणि शेजाराची जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विद्वान बाई बोलवायच्या, त्यांचे व्याख्यान ऐकायचे, आणि मग हळदीकुंकू व अल्पोपाहार, असा आपला दर वर्षीचा परिपाठ. यंदा कार्यकारिणीने ठरवले की व्याख्यान घरचेच असावे, आणि विषय दिला ‘शहरातले परवडणारे घर’. मी सातवी शिकलेली बाई. नकाशे काढणे हा माझा प्रांत नव्हे. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, “अहो, घर वापरते कोण? नकाशा काढणारा की तुम्ही?” त्यावर मला उत्तर सुचेना, म्हणून आपणांपुढे उभी राहिले आहे. वाचायला मला माझ्या भाच्याने मदत केली. तो बांधकामाचा डिप्लोमा करतो. मते मात्र माझी आहेत, तेव्हा रागवायचे ते माझ्यावर रागवा.

हा विषय आजच का, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वाडीच्या पुनर्विकासाचे वर्षभर घाटते आहे. चाळीस बिऱ्हाडांचा नकाशा समितीच्या फळ्यावर लागला, तो पाहायला सगळी पुरुषमंडळी जमली, आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, “चौरस फूट किती?” प्रश्न रास्त आहे. एकशेसाठ चौरस फुटांत तीन पिढ्या काढल्यावर माणूस दुसरे काय विचारणार? पण पापड कुठे वाळवायचे, म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी कुठे बसायचे, आपल्या मंडळाची बुधवारची सभा कुठे भरवायची, हे कोणीच विचारले नाही. नकाशावर हरकती व सूचना लेखी द्यायला अजून एक महिना आहे. एकदा सह्या झाल्या की मग आपण कितीही बोललो तरी सिमेंट ऐकत नसते.

आता नकाशा समजावून सांगणारे गृहस्थ एक शब्द वारंवार वापरीत होते, ‘मॉड्युलर’. सगळ्या घरांचे माप एक, दारे-खिडक्या एका मापाच्या, स्वयंपाकघरे एकावर एक, मोऱ्या एकावर एक. आपल्याला हा शब्द ‘मॉड्युलर किचन’च्या जाहिरातींतून माहीत. पण गोष्ट नवी नाही. तीनपुडी डबा आठवा. पुडे सारख्या मापाचे, म्हणून एकावर एक बसतात. पाहुणा आला तर एक पूड वाढते, एकटे माणूस असेल तर एकच पूड पुरते. आणि आपल्या जुन्या वाड्यांत तरी दुसरे काय होते? दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर पाच खणांचे की सात खणांचे, यावरून त्याचा विस्तार कळे. सुताराला खणाचे माप माहीत असे, तुळया त्याच मापाच्या येत, आणि थोरल्याचे लग्न ठरले की मागच्या अंगाला दोन खण वाढवीत. माप एक, पण घर वाढते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या बोलण्याचे मूळ तिच्यात आहे.

मुंबईत एकाच मापाची घरे प्रचंड संख्येने बांधण्याचा मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्याच बी.डी.डी. चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा दहा खोल्या, खोली साधारण एकशेसाठ चौरस फुटांची, आणि संडास सर्वांना मिळून. म्हणजे एका इमारतीत ऐंशी खोल्या, ऐंशीही एका मापाच्या. नवराबायकोला तेच माप आणि दहा माणसांनाही तेच.

या चाळींत माणसे कशी राहिली, हे मी आपल्याला सांगायला नको. आपली वाडी निराळी असली तरी जिणे एकच. चाळीचे गुणगान फार होते, नाटकांत होते, सिनेमात होते. ते खोटे नाही. आमच्या थोरल्याला गोवर आला तेव्हा सासूबाई गावी होत्या आणि हे रात्रपाळीला; त्या पाच रात्री शेजारच्या मावशींनी माझ्याबरोबर जागून काढल्या, आणि त्यांना बोलवायला मला दार वाजवावे लागले नाही, कारण दार उघडेच होते. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवस राहिलेल्या बाईने पहाटे बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहावे, वयात आलेल्या मुलीने लुगड्याच्या आडोशाला कपडे बदलावेत, आणि नव्या नवरीने चार महिने नवऱ्याशी कुजबुजत बोलावे, यात कौतुक कसले? मागच्या सभेत एक सूनबाई मला म्हणाली, “काकू, गॅलरीचे कौतुक पुरे झाले. मला माझे दार लावून बसायचे आहे.” तिचे म्हणणे मला शंभर टक्के पटले.

मात्र एक भेद नीट पाहावा. चाळीत आपण दोन तऱ्हेच्या गोष्टी वाटून घेत आलो. एक, ज्या वाटून घ्याव्या लागल्या: संडास, नळ, एकान्ताचा अभाव. दुसऱ्या, ज्या आपण आपखुशीने वाटल्या: गॅलरी, जिन्याचा कट्टा, गच्ची, सणवार, आजारपण. पहिल्या जाव्यात, त्यांना निरोपाचा नारळ द्यावा. पण नवा नकाशा करणारा माणूस पहिल्यांबरोबर दुसऱ्याही पुसून टाकतो, कारण त्याला दोन्ही सारख्याच ‘सामायिक’ दिसतात. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. एकशेसाठाचे पाचशे झाले, घरात संडास-न्हाणी आली. त्या बायकांच्या आनंदात आपला आनंद आहे. आपल्यालाही तसेच घर मिळो. फक्त त्या घराच्या दाराबाहेर काय असेल, एवढे आपण आधी विचारू.

दाराबाहेरची जागा विचारपूर्वक आखली तर काय होते, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी आपली सहल बेलापूरला गेली होती, तेव्हा आपण आर्टिस्ट व्हिलेज पाहिले. आपण तिथे डबे खाल्ले, फोटो काढले आणि परतलो. पण ती वसाहत फार हिशेबाने रचलेली आहे. चार्ल्स कोरिया या नामांकित स्थापत्यविशारदांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात ती केली. सहा हेक्टर जमिनीवर साडेपाचशे कुटुंबांची सोय. जमिनीचे तुकडे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे आपल्या मापाने सुमारे पावणेपाचशे ते आठशे चौरस फूट. श्रीमंताला पाचपट आणि गरिबाला पसाभर, असा भेद नाही. सात घरे मिळून मध्ये एक चौक, आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. असे तीन चौक मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण, बारा मीटरांचे. अशी अंगणे जोडत जोडत सगळी वसाहत. आता गंमत पाहा, हे आपल्या डब्याच्या पुडांसारखेच झाले. पण इथे पुडे घरांची नाहीत, शेजाराची आहेत. सात घरे म्हणजे किती, तर जितक्या घरांतल्या मुलांची नावे बाईला पाठ असतात तितकी.

आणखी एक युक्ती अशी की कोणत्याही घराची भिंत दुसऱ्या घराच्या भिंतीला चिकटलेली नाही. त्यामुळे शेजाऱ्याची परवानगी न मागता ज्याला जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. घरे सुरुवातीला साधी, उतरत्या छपरांची आणि गवंड्याला सहज जमतील अशी होती. पुढे पैसा आला तशी लोकांनी ती वाढवली. कित्येकांनी मूळ घर पाडून मजलेदार बंगलेही बांधले. काही जाणकारांना याचे वाईट वाटते, मूळची शोभा गेली म्हणतात. मला तसे वाटत नाही. घरे बदलली, पण चौक राहिले. आपण गेलो त्या दिवशी एका चौकात मुले खेळत होती आणि एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. घर ज्याचे त्याने बदलावे, चौक कोणी खाऊ नये, हाच तर त्या रचनेचा अर्थ.

परवडण्याच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचे वाटते ते इंदूरचे उदाहरण. बाळकृष्ण दोशी हे पुण्यात १९२७ साली जन्मलेले स्थापत्यविशारद. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि २०२३ साली ते निवर्तले. त्यांनी १९८० नंतर इंदूरच्या विकास प्राधिकरणासाठी ‘अरण्य’ नावाची वसाहत आखली. साधारण साडेसहा हजार घरांच्या जागा, आणि त्यांतल्या बहुतेक गरीब कुटुंबांसाठी. सर्वांत लहान जागा सुमारे ३५ चौरस मीटरांची, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. गरिबाला अख्खे घर बांधून दिले तर त्याचा हप्ता त्याला झेपत नाही आणि तो ते विकून पुन्हा झोपडीत जातो, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी काय दिले? जोते, संडास-न्हाणी, पाण्याचा नळ, आणि ऐपतीप्रमाणे एखादी खोली. जे स्वतः करणे अवघड, म्हणजे गटार, नळ, पाया, ते आधी पक्के करून दिले. जे हळूहळू करता येते, म्हणजे खोल्या आणि वरचा मजला, ते लोकांवर सोपवले. शिवाय ऐंशीएक नमुन्याची घरे बांधून दाखवली, की ओटा असा करता येतो, जिना असा बाहेरून घेता येतो, खिडकी अशी बसवता येते. ज्याला जे आवडेल ते त्याने उचलावे. घरापुढे ओटा, म्हणजे बायकांना भाजी निवडायला आणि दोन शब्द बोलायला जागा. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळाले.

आता कोणी म्हणेल, “बाई, बेलापूरला आणि इंदूरला मोकळी जमीन होती, आपल्याला वर जायचे आहे.” खरे आहे. तेव्हा उंच इमारतींकडे वळू, कारण तिथे ‘एक माप’ म्हणजे निराळीच गोष्ट होते.

हल्ली पुष्कळ इमारतींत विटांच्या भिंती नसतात. अॅल्युमिनियमचे साचे उभे करतात आणि भिंत, तुळई, छत असे सगळे काँक्रीट एका ओतीत ओततात. एक मजला उतरला की तेच साचे वरच्या मजल्यावर. काम झटपट होते आणि भिंती सरळ येतात. याहून पुढची पायरी म्हणजे घराचे भाग कारखान्यात तयार करून आणायचे. केंद्र सरकारने २०२१ साली सहा शहरांत अशा नव्या पद्धतींच्या प्रत्येकी हजारेक घरांचे काम सुरू केले, त्यांत रांचीला १,००८ घरे अशी होती की खोलीच्या खोली कारखान्यात ओतायची आणि क्रेनने उचलून एकावर एक ठेवायची. अगदी आपला पुडांचा डबाच!

पण डब्याला वरून कडी असते. कडी सैल असेल तर काय होते? १६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये ‘रोनन पॉइंट’ या बावीस मजली इमारतीत भल्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी गॅस पेटवला. गॅस आधीच गळत होता, स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण भिंतींचे तयार तुकडे एकमेकांना नीट जखडलेले नव्हते. एक भिंत निसटली तशी त्या कोपऱ्याची वरची घरे खाली आली आणि त्यांच्या भाराने खालचीही गेली. चार माणसे मेली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर इंग्लंडात सांध्यांचे नियम कडक झाले. हे मी भीती घालायला सांगत नाही. तयार भागांची पद्धत वाईट नाही, आज ती जगभर चालते. पण सांधे कोणी तपासले, हे विचारण्याचा हक्क चहाचे आधण ठेवणाऱ्या बाईचा सर्वांत आधी आहे.

आणि दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या उपयोगाची. ओतीव भिंत ही नुसता पडदा नसते, ती इमारतीचा भार वाहते. ती पुढे पाडता येत नाही, त्यात कोनाडा काढता येत नाही, वायरी नळ्यांमधून आधीच घातलेल्या असतात. विटांच्या घरात आपण म्हणायचो, “राहायला गेल्यावर बघू.” इथे ‘बघू’ चालणार नाही. देवघर कुठे, शिलाई मशीनला प्लग कुठे, गिझर कुठल्या भिंतीवर, कपडे वाळत घालायच्या दांड्या कुठे, हे सगळे साचा उभा राहण्याआधी सांगावे लागेल. जुना खण वाढत होता, नवा खण थिजलेला आहे. म्हणून त्याला आधी जपले पाहिजे.

स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. आजच्या मॉड्युलर किचनची मूळ आजी म्हणजे ‘फ्रँकफुर्ट किचन’. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईने जर्मनीतल्या कामगार-घरांसाठी ते आखले. माप साधारण सहा फूट बाय अकरा फूट. आगगाडीतल्या भोजनडब्याच्या स्वयंपाकघरावरून कल्पना घेतलेली. ओटा, कपाट, मोरी सगळे हाताशी, पावले वाचावीत म्हणून. अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. बायकांचे श्रम वाचले यात शंका नाही. पण पुष्कळ जणींची तक्रार अशी की त्यात एकच बाई उभी राहू शकते. मुलगी हाताशी घ्यावी तर जागा नाही. आणि मौज ही की तोवर आपण स्वतः कधी घर चालवले नव्हते, असे त्या बाईंनीच पुढे प्रांजळपणे सांगितले! आपल्या फळ्यावरच्या नकाशातही ओट्यापुढे जेमतेम एक माणूस वळेल एवढीच जागा आहे. सासू-सुनेने एकमेकींना धक्का न देता पुरणपोळ्या करायच्या कशा, ते नकाशावाल्याला विचारले पाहिजे.

मग एकत्र स्वयंपाकघरच का नको, असेही काही ठिकाणी करून पाहिले गेले. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १९३५ साली एक इमारत बांधली, त्यामागे आल्वा मिर्डाल या विदुषींची प्रेरणा होती. पुढे १९५५ ते १९६१ या काळात त्या आपल्या देशात स्वीडनच्या राजदूत होत्या, आणि १९८२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या इमारतीत खाली एक मोठे स्वयंपाकघर, तिथून छोट्या लिफ्टने प्रत्येक घरात गरम जेवण, आणि खालीच बालकमंदिर, म्हणजे नोकरी करणारी आई निर्धास्त. पण स्वयंपाक पगारी माणसे करीत, खर्च वाढत गेला, आणि पुढे ती जेवणाची व्यवस्था बंद पडली. मग १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही स्त्रियांनी एकत्र बसून निराळा हिशेब मांडला. प्रत्येकीने आपल्या घरातली दहावा हिस्सा जागा सोडायची, त्या सोडलेल्या जागांचे मिळून सामायिक स्वयंपाकघर व बैठक करायची, आणि पगारी माणसांऐवजी आठवड्यातून काही दिवस पाळीपाळीने सर्वांनी रांधायचे. प्रत्येक घरात स्वतःची चूल आहेच. सक्ती कोणावर नाही. अशा वसाहती स्वीडनमध्ये अजून चालू आहेत.

आपल्याला रोजचे जेवण एकत्र नको, प्रत्येकीची फोडणी निराळी. पण तो हिशेब मात्र उचलण्यासारखा आहे. आपली चाळीस बिऱ्हाडे. प्रत्येकाच्या नावावर बारा चौरस फूट धरा. बारा चौरस फूट म्हणजे एकट्या माणसाची गादी अंथरायला लागते त्याहूनही कमी जागा. चाळीस गुणिले बारा, चारशे ऐंशी चौरस फूट. म्हणजे आपल्या आजच्या तीन खोल्या! त्यात मंडळाची सभा होईल, दुपारी मुलांची शिकवणी होईल, बारसे-डोहाळेजेवण होईल, आणि कोणी देवाघरी गेले तर माणसांना टेकायला जागा होईल. ही जागा आधी बिल्डरच्या वाट्यातून मागावी. नाहीच मिळाली, तर आपल्या बारा-बारा फुटांतून घ्यावी असे माझे मत आहे. मला ठाऊक आहे, हे मत सर्वांना रुचणार नाही. एकेका फुटासाठी आयुष्य झिजवलेल्या घरांना ‘बारा फूट सोडा’ म्हणणे सोपे नाही. म्हणूनच त्यावर आपण बायकांनी आपसांत आधी बोलावे.

आपल्या बोलण्याला कोण विचारतो, असे म्हणू नका. सोलापूरजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे, तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानतंबाखू वळणाऱ्या त्या सभासद बायका. त्यांनी वर्षानुवर्षे संघटनेतून पाठपुरावा केला आणि २००६ साली दहा हजार एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगर झाले, तिथली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. त्यांच्या मानाने आपला चाळीस बिऱ्हाडांचा कारभार म्हणजे हातातला खेळ.

तेव्हा आपल्या मंडळातर्फे समितीला एक अर्ज द्यावा, असे मी सुचवते. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, प्रत्येक मजल्यावरचा बोळ दिवसा दिवा लावावा लागेल इतका अंधारा नसावा. एका टोकाला उजेड, वारा आणि बसायला कट्टा असावा. म्हातारी माणसे लिफ्टने खाली जाऊन बागेत बसतील, हे कागदावर छान दिसते; गुडघे दुखणारी बाई दाराबाहेर दहा पावलांवरच बसते.

दुसरी, सामायिक खोली खालच्या मजल्यावर असावी, तिला स्वतंत्र दार, नळ व छोटा ओटा असावा, आणि ती करारात लेखी नोंदवलेली असावी. तोंडी आश्वासनाच्या खोलीत पुढे मोटारी उभ्या राहतात.

तिसरी, कोणती भिंत भाराची आणि कोणती हलकी, ते प्रत्येक घराच्या नकाशावर निराळ्या रंगाने दाखवावे. दोन भावांचे बिऱ्हाड असेल त्यांना पुढे आडभिंत घालता येईल अशी मोठी खोली मिळावी. सांध्यांची व काँक्रीटची तपासणी कोण करणार, त्याचे नाव व अहवाल समितीकडे यावा.

चौथी, गच्ची. वाळवण, कपडे, कोजागरी यांसाठी ती सर्वांना खुली असावी, आणि किल्ली पहारेकऱ्याबरोबर मंडळाकडेही असावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, दरमहाचा खर्च. आज आपण नाममात्र भाडे देतो. उद्या लिफ्ट, पंप, पहारेकरी, जिन्यांतले दिवे यांचा मेंटेनन्स येईल. तो किती, ते आकड्यात लिहून द्यावे. बिल्डरने ठेवायच्या निधीच्या व्याजातून किती भागेल आणि आपल्या पदराला किती पडेल, तेही लिहावे. आपल्या वाडीत पाच घरे अशी आहेत की तिथे एकट्या बाईच्या पेन्शनवर किंवा पोळ्या लाटण्याच्या कमाईवर चूल पेटते. घर फुकट मिळाले आणि मेंटेनन्स झेपला नाही, तर ती बाई दोन वर्षांत घर विकून दूर कुठेतरी जाईल. मग आपण शेजार राखला असे म्हणायचे कोणत्या तोंडाने? ज्या घराचा दरमहाचा खर्च झेपत नाही ते परवडणारे घर नव्हे, मग ते कितीही चौरस फुटांचे असो.

एक काम मात्र प्रत्येकीने स्वतः करायचे आहे. शिवणाची टेप घ्या आणि आपल्या घरातल्या चार गोष्टी मोजा: आपल्याला सोसेल अशी ओट्याची उंची, कपाटाची रुंदी, दोघी उभ्या राहतील एवढी ओट्यापुढची जागा, आणि रात्री किती गाद्या पडतात ते. पुढच्या बुधवारी ती मापे कागदावर घेऊन या. सूनबायांनीही याव्यात, त्यांना दार लावायला हवे असेल तर कडी कुठे हवी तेही त्यांनीच सांगावे. चाळीस घरांची चाळीस मापे एका वहीत उतरवू आणि अर्जासोबत जोडू. नकाशा काढणाऱ्याने आपल्याला चौरस फूट सांगितले. आता आपण त्याला आपले माप सांगू.

हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी कोरी वही ठेवली आहे, तीत आपापले नाव आणि खोलीचा नंबर लिहून मगच ओटी घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.